चव्वेचाळीस थेंब, पण कुठल्या सेटचे?

"मॅडम, हे तर हौदाचंच गणित!" पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी असं म्हणतं आणि मला बरं वाटतं. म्हणणारी बहुधा मराठी शाळेतून आलेली असते, संगमेश्वरची नाहीतर परळीची. काळ-काम-वेग शिकताना तिने नळ सोडून कितीतरी हौद भरलेले आणि रिकामे केलेले असतात. सलाईनची बाटली म्हणजे उलटा टांगलेला हौद, खाली रोलर नावाचा नळ, आणि हौद किती वेळात रिकामा व्हायचा ते आधीच ठरलेलं. ५०० मिली आठ तासांत द्यायचे आहेत, सेटचे, म्हणजे बाटलीपासून सुईपर्यंतच्या नळीचे, २० थेंब म्हणजे एक मिली, तर मिनिटाला थेंब किती? पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी. वीस पूर्णांक आठ, म्हणजे एकवीस थेंब. साधं त्रैराशिक, फळ्यावर दोन मिनिटांत सुटतं.

वॉर्डात मात्र ते चुकतं. पेशंटला सलाईन जास्त गेली किंवा कमी गेली, की पहिलं वाक्य ठरलेलं: हल्लीच्या मुलींचं गणित कच्चं. उपायही ठरलेला: एक कार्यशाळा, एक टेस्ट, हजेरीच्या सह्या. आठ वर्षं वॉर्डात आणि त्यानंतर वीसेक वर्षं मुंबईतच नर्सिंगच्या मुलींना (आता मुलांनाही) शिकवण्यात काढल्यावर माझं मत असं झालंय की या सगळ्या प्रकारात भागाकार सर्वांत कमी चुकतो. चुकतं ते त्याच्या आधी, ऑर्डर लिहिताना. आणि त्याच्या नंतर, थेंब मोजताना. बोल मात्र लागतो मधल्या भागाकाराला, म्हणजे सिस्टरला.

मलाही लागला होता. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, लहान मुलांचा भरलेला वॉर्ड, रात्रपाळी. न्यूमोनियातून उठत असलेलं बारा किलोचं पोर. केसपेपरवर रेसिडेंट डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'आरएल, ४४ थेंब.' आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार. त्यांचा हिशेब चोख होता. पहिल्या दहा किलोंना ताशी ४ मिलीप्रमाणे ४०, वरच्या दोन किलोंना ताशी २ प्रमाणे ४, एकूण ताशी ४४ मिली. लहान मुलांच्या मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिली, आणि तासाची मिनिटंही ६०. त्यामुळे मायक्रोवर ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, भागाकाराची कटकटच नाही. पण त्या रात्री वॉर्डातले मायक्रो सेट संपले होते. मुलाच्या वडिलांना चिठ्ठी दिली, 'आयव्ही सेट १', आणि ते गेटबाहेरच्या मेडिकलमधून धावत घेऊन आले. मेडिकलवाल्याने दिला तो साधा, मोठ्यांचा, २० थेंबांना एक मिली देणारा मॅक्रो. मी तो लावला आणि इमानेइतबारे ४४ थेंब मोजले.

मॅक्रोचे ४४ थेंब म्हणजे ताशी १३२ मिली. बरोबर तिप्पट. नऊला लावलेली बाटली सकाळी आठपर्यंत पुरायला हवी होती, ती बाराच्या सुमारास तळाला आली. पोराचा श्वास वाढला होता, पापण्या जड वाटत होत्या. आमच्या सीनियर सिस्टर पलंगाजवळून जाताजाता थांबल्या, बाटलीकडे पाहिलं, मग ड्रिप चेंबरमध्ये पडणाऱ्या टपोऱ्या थेंबांकडे, आणि काही न बोलता रोलर बंद केला. मग डॉक्टरांना उठवायला मामांना, म्हणजे वॉर्डबॉयला, पिटाळलं. पोर वाचलं, चार दिवसांनी घरी गेलं. मला मेमो मिळाला. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द दोनदा होता. संपलेल्या सेटचा, बाहेरून आणवलेल्या सेटचा, ऑर्डरमधल्या 'थेंब' या शब्दाचा उल्लेख एकदाही नव्हता. पाकिटावर छापलेला आकडा मी वाचला नाही, ही चूक माझीच, आणि दर वर्षी वर्गात मी ती कबूल करते. पण ती एकटीची नव्हती एवढं म्हणण्याचा धीर यायला मला दहा वर्षं लागली.

थेंब हे माप म्हणून बेभरवशाचं आहे. एका मिलीत ते किती, हे सेटच्या आतली ती बारीक नळी ठरवते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे गुरुत्वाकर्षणावर चालणारा सेट २० थेंबांना किंवा ६० थेंबांना एक मिली द्यायला हवा, आणि त्यातही दहा टक्के इकडेतिकडे चालतं. परदेशी पुस्तकांत १० आणि १५ थेंबांचे सेटही असतात, आणि आमच्या मुली त्याच पुस्तकांतली उदाहरणं घोकून परीक्षा देतात. १५ च्या सेटला ताशी मिलीला चारने भागायचं, २० च्या सेटला तीनने. चारने भागायची सवय लागलेली मुलगी हातात २० चा सेट घेऊन ताशी १२५ मिलीसाठी ३१ थेंब लावते, आणि पेशंटला पाव हिस्सा कमी जातो. तिचा भागाकार अचूक असतो.

म्हणून केसपेपरवर जो डॉक्टर 'थेंब' लिहितो, तो स्वतः न पाहिलेल्या सेटवर भरवसा टाकत असतो. त्याने लिहायचं ते ताशी मिली. थेंब काढायचे ते ज्याच्या हातात सेटचं फाडलेलं पाकीट आहे त्याने. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते इतकं साधं आहे की अजून सगळीकडे असंच का होत नाही याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

थेंबांपेक्षाही वाईट म्हणजे पाइंट. 'आरएल २ पाइंट, डीएनएस १ पाइंट' (डीएनएस म्हणजे ग्लुकोज घातलेली सलाईन). ही ऑर्डर मुंबईच्या कुठल्याही वॉर्डात, सरकारी असो की गल्लीतल्या नर्सिंग होममधला, आजही सापडेल. पाइंट म्हणजे इथे ५०० मिलीची बाटली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांचा खरा पाइंट ५६८ मिलीचा होता, पण तो त्यांच्याबरोबर गेला आणि नाव बाटलीला चिकटून राहिलं. प्रश्न बाटलीचा नाहीच, वेळेचा आहे. तीन बाटल्या कधीपर्यंत? चोवीस तासांत म्हटलं तर ताशी साडेबासष्ट मिली, २१ थेंब. संध्याकाळच्या राउंडच्या आत म्हणजे बारा तासांत म्हटलं तर दुप्पट, ४२ थेंब. सकाळपाळीची सिस्टर एक अर्थ लावते, दुपारपाळीची दुसरा, आणि रात्रपाळीची उरलेली बाटली सहाच्या आत 'संपवते', कारण सकाळी चार्टवर ती संपलेली दिसायला हवी. इनटेक-आउटपुट चार्टवर सगळ्या बाटल्या नेहमी वेळेवर संपतात. पेशंटच्या शिरेत त्या कधी संपल्या याची नोंद कुठेच नसते.

यावर डॉक्टर मंडळी काय म्हणतात ते मी ऐकलेलं आहे. "आमच्या सिस्टर अनुभवी आहेत, त्यांना नजरेने कळतं." कळतंही. पण अनुभवी सिस्टर रजेवर असते तेव्हा तिची नजर वॉर्डात टांगून ठेवता येत नाही, आणि जो निर्णय नजरेने घ्यावा लागतो त्याची सही कोणाची असते हे चौकशीच्या वेळी बरोबर कळतं. दुसरं उत्तर असतं, वेळ नाही. हे मला जास्त पटतं. छत्तीस तास उभा असलेला रेसिडेंट तीस केसपेपर लिहितो तेव्हा त्याच्याकडून सुवाच्य अक्षराचीही अपेक्षा करवत नाही. तरी 'मिली/तास' लिहायला 'पाइंट' लिहिण्यापेक्षा फार वेळ लागतो असं नाही. त्यातही ऑर्डरच्या कागदावर छापील रकाना असेल, आणि तो रिकामा असताना सिस्टरला "वेग लिहा, मग लावते" म्हणायचा अधिकार असेल, तर महिनाभरात सवय होईल. शॉकमधल्या, म्हणजे बीपी एकदम घसरलेल्या, पेशंटला रोलर पूर्ण सोडून बोलस (थोड्या वेळात भरपूर सलाईन) द्यायचा असतो तेव्हा कोणी रकाना भरत बसत नाही, तो अपवाद सगळ्यांना समजतो. पण अपवादाच्या नावाखाली रोजचं काम तसंच चालू देणं मला मान्य नाही.

वेग लिहिणं किती गरजेचं आहे हे पाहायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुंबईतल्या मेडिसिनच्या वॉर्डात उभं राहावं. डेंगीच्या पेशंटला सलाईन हेच औषध असतं, आणि तेच औषध त्याला बुडवूही शकतं. धोक्याची लक्षणं दिसायला लागलेल्या, पण शॉकमध्ये न गेलेल्या पेशंटला जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुरुवातीला एक-दोन तास किलोमागे ताशी ५ ते ७ मिली, मग दोन-चार तास ३ ते ५, मग २ ते ३. पन्नास किलोच्या माणसाला खालचा आकडा धरला तरी आधी ताशी २५० मिली, ८३ थेंब. मग १५०, म्हणजे ५० थेंब. मग १००, म्हणजे ३३. एका पाळीत वेग दोनदा उतरवायचा, आणि दर वेळी पेशंट बघून. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा काळ साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा. तो सरला की बाहेर गेलेलं पाणी आपणहून परत आत येतं. तेव्हाही जुन्या वेगाने सलाईन चालू राहिली तर ते पाणी फुप्फुसांत साचतं. ताप उतरलाय, प्लेटलेट वाढताहेत, घरचे खूश आहेत, आणि पेशंटला मात्र आडवं झोपवत नाही. अशा पेशंटच्या केसपेपरवर 'आरएल ३ पाइंट, फास्ट' एवढंच लिहिलेलं मी पाहिलंय. किती फास्ट, आणि कधीपर्यंत?

आता मोजण्याकडे येते, कारण उद्या ऑर्डर अगदी आदर्श झाली तरी थेंब पडायचे ते पडतीलच. रोलरखाली दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू आकार बदलते, त्यामुळे दहाला लावलेला वेग अकराला तोच राहत नाही. पेशंटने कोपर दुमडलं की थेंब मंदावतात. तो बाटली हातात धरून संडासला जाऊन आला की अडतात. आणि मुंबईत आणखी एक गोष्ट असते जी कुठल्या पुस्तकात नाही: खाली घातलेली गादी. पावसाळ्यात सार्वजनिक रुग्णालयांत दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात. त्या पेशंटची बाटली खिडकीच्या गजाला नाहीतर शेजारच्या खाटेच्या स्टँडला अडकवलेली असते. हात जमिनीलगत, बाटली तितकीच वर. खाटेवरच्या पेशंटपेक्षा दोन फूट जास्त उंची, म्हणजे रोलर तितकाच उघडा असला तरी धार जोरात. खाट रिकामी झाली की त्याला वर घेतात आणि वेग आपोआप उतरतो. ज्या दिवशी कमी जायला हवं त्या दिवशी जास्त, किंवा उलट.

यावर एकच उपाय, पुन्हा पुन्हा मोजणं. त्याचाही हिशेब मी मुलींकडून करून घेते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची वॉर्डातली रीत आहे. २१ थेंबांच्या ड्रिपला पंधरा सेकंदांत सव्वापाच थेंब पडतात. सव्वापाच थेंब कोणाला दिसतात? पाच दिसले तर वीस, सहा दिसले तर चोवीस. सावकाश चालणारी ड्रिप पूर्ण मिनिट मोजायलाच हवी. मोजून, रोलर हलवून, पुन्हा खात्री करायला दोन मिनिटं धरा. चाळीस पेशंटांच्या वॉर्डात रात्री दोघी असतील आणि अठरा ड्रिप चालू असतील, तर दर तासाला प्रत्येकीची अठरा मिनिटं नुसती थेंबांकडे बघण्यात जातात. इंजेक्शनं, बीपी, नवी ॲडमिशन, मधेच बेशुद्ध पडणारा एखादा, हे सगळं उरलेल्या बेचाळीस मिनिटांत. अध्यापन रुग्णालयांसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण तीन पेशंटांमागे एक नर्स असं आहे. ते प्रमाण आणि हे बेचाळीस मिनिटांचं गणित शेजारी ठेवलं की 'निष्काळजीपणा' या शब्दाचा अर्थ जरा वेगळा लागतो.

शिवाय मोजायचं कशाने? हात नीट धुता यावेत म्हणून मनगटी घड्याळ घालू नये, हे बरोबरच आहे. छातीला लावायचं घड्याळ मुली पहिल्या वर्षी हौसेने घेतात, दुसऱ्या वर्षी त्याचा सेल संपतो. मोबाईल ड्युटीवर काढायचा नाही. भिंतीवर सेकंदकाट्याचं चालू घड्याळ असावं, ही मागणी मी एका ठिकाणी तीन वेळा लेखी दिली. १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन साजरा होतो. त्या वर्षी तिथे त्यानिमित्त रांगोळी स्पर्धा झाली. रांगोळी छान होती. घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवरच होतं.

'सगळ्यांना इन्फ्युजन पंप द्या, प्रश्न मिटेल,' असं म्हणणारेही भेटतात, विशेषतः ज्यांनी पंप फक्त मोठ्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत पाहिलाय असे. पंप हवेतच. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन, नॉरॲड्रेनलिन, कळा आणण्यासाठीचं ऑक्सिटोसिन, ही औषधं रोलरच्या भरवशावर देऊ नयेत, या बाबतीत मी कंजूसपणा ऐकून घेणार नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या एका ॲम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं, आणि वॉर्डातल्या पेशंटला ताशी दहाच्या वर सहसा जायचं नसतं. म्हणजे एक ॲम्प्युल घातलेली बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. संपली तर हृदयाचा ठोका चुकू शकतो. पण पंपालाही ताशी मिलीच सांगावे लागतात. 'पाइंट' हे बटण त्याच्यावर नाही. आणि १२.५ ऐवजी १२५ दाबलं तर तो बिनतक्रार १२५ देतो, तेही न चुकता, एका लयीत. म्हणजे ऑर्डर नीट लिहिण्याचं काम पंपाने टळत नाही, उलट जास्त निकडीचं होतं.

काही वेग मोजायचे नसतातच, हेही सांगायला हवं, नाहीतर मुली प्रत्येक बाटलीसमोर तोंडाने आकडे म्हणत उभ्या राहतील. तापासाठीचं शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल १०० मिली पंधरा मिनिटांत जातं. हिशेब केला तर मिनिटाला १३३ थेंब, ते कोणी मोजू शकत नाही आणि मोजायची गरजही नाही. घड्याळ लावायचं आणि बाटलीकडे बघायचं. गोम अशी की शेजारच्या स्टँडला तशीच दिसणारी १०० मिलीची बाटली असते, त्यात व्हँकोमायसिन ५०० मिलीग्रॅम. ती तासाच्या आत देऊ नये, ३३ थेंब. पॅरासिटामॉलच्या हाताने तीही सोडली तर पेशंटचं अंग लालभडक होतं, खाज सुटते, बीपी उतरतं, आणि सगळे ॲलर्जी म्हणून धावपळ करतात. दोन बाटल्या, एकच आकार, एकच हात, चौपट फरक. ऑर्डरवर दोन्हींपुढे 'स्टॅट' (ताबडतोब) किंवा 'बीडी' (दिवसातून दोनदा) लिहिलेलं असतं, किती वेळात द्यायची ती वेळ नसते.

राहिले नातेवाईक. त्यांच्यावर ओरडण्यात आम्हा नर्सेसची हयात जाते: रोलरला हात लावू नका, कोणी सांगितलं वाढवायला? ते हात लावतात कारण त्यांना वाटतं सलाईन म्हणजे ताकद, लवकर गेली की लवकर बरं वाटेल. किंवा कारण शेवटची कळव्याला जाणारी गाडी चुकू नये म्हणून बाटली संपलेली बघून निघायचं असतं. त्या बाटलीत पोटॅशियम आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मला वाटतं ओरडण्यापेक्षा त्यांना कामाला लावावं. बाटलीवर उभी पांढरी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर दर तासाची रेघ आणि वेळ पेनाने लिहायची. एवढं केलं की थेंब न मोजताही चालती ड्रिप पुढे आहे की मागे, हे लांबून दिसतं. शिक्षणाची अट नाही. पट्टी लावणं पुस्तकात आहे, आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिला गुणही आहेत. परीक्षा झाली की ती वॉर्डातून नाहीशी होते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन विद्यार्थिनींनी एका वॉर्डात आठवडाभर सगळ्या बाटल्यांना पट्ट्या लावल्या. सुरुवातीला ब्रदर हसले, मावशी म्हणाल्या, बाटलीला नाडी कशाला बांधता. तिसऱ्या रात्री गादीवरच्या एका पेशंटची आई, लिहिता-वाचता न येणारी, काउंटरपाशी आली. "बाय, साडेअकरा झाले. पाणी अजून वरच्याच रेघेला हाये." मुलगी उठून गेली. सुईच्या जागी हात सुजला होता, ड्रिप अडली होती. तिने सुई काढली, दुसऱ्या हाताला नवी लावली आणि ऑर्डर बघायला केसपेपर उघडला. त्यावर लिहिलं होतं, 'आरएल १ पाइंट'. ती रेसिडेंट डॉक्टरांच्या खोलीकडे विचारायला गेली, किती तासांत.